मापापुरता माणूस

…नाही, पण तुम्हीच सांगा, हातात चप्पल धरून बाकावर बसलेला माणूस दवाखान्याच्या बागेत चालतो, नदीकाठी चालतो, गच्चीवरच्या बागेत तर एकाच वेळी दोन-दोन चालतात, मग नेमकं माझ्याच चित्रांच्या शीटसमोर उभं राहून "हे गृहस्थ इथे काय करतायत?" असं का विचारायचं? काय करतायत म्हणजे काय? बसलेत! बसू नये माणसानं? मग बाक कशाला काढलंय… आणि हे मी ज्युरीत, म्हणजे आमच्या तोंडी परीक्षेत, तोंडावर म्हणाले असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं काही झालेलं नाही हं. त्या प्रश्नावर मी फक्त "हो मॅडम" म्हणाले आणि हातातली पट्टी खाली पाडली. माझ्या हातातून वस्तू पडतातच. मी दचकते. दार वाजलं की दचकते, मोठाली चित्रं छापणारा प्लॉटर सुरू झाला की दचकते, आणि आता दार वाजणार आहे म्हणून त्याच्याकडे डोळे लावून बसलेली असले, तरी ते वाजल्यावर दचकतेच. आई म्हणते, ही पोटात होती तेव्हा शेजारी सुरुंग लावून विहीर खणत होते.

थांबा, पहिल्यापासून सांगते.

तर मी लँडस्केप आर्किटेक्चर शिकते. पदव्युत्तर. हे नुसतं सांगायचं म्हटलं तरी मला घाम फुटतो, कारण ऐकणारा आधी "वा वा" म्हणतो, मग जरा थांबतो, आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "म्हणजे माळीकाम का?" आत्यानं तर सरळ तिच्या कुंडीतल्या वाळक्या तुळशीचं काय करू ते विचारलं होतं. मी म्हटलं, आत्या, पाणी घाल. ती म्हणाली, एवढं तर मलाही कळतं, त्याला विद्यापीठ कशाला? पण बाबांनी मात्र एका वाक्यात निकाल लावला होता. बाबा लोकांना सांगायचे, "इमारती बांधून झाल्या की मध्ये जी जागा उरते ना, त्या जागेचं शिकते ती." आणि मग जरा अभिमानानं, "मी रोज तिथूनच चालतो."

बाबा विजेचे मीटर वाचायचे. घरोघरी जाऊन. या इमारतीतून त्या इमारतीत, जिना चढ, जिना उतर, पाठीला पिशवी, हातात ते आकडे टिपायचं यंत्र. दिवसभर चालून घरी आले तरी बसायचे नाहीत. तुम्हाला खोटं वाटेल, पण मी बाबांना बसून जेवताना फार थोड्या वेळा पाहिलंय. ओट्याला टेकून जेवायचे. पेपर उभ्यानं वाचायचे. आई म्हणायची, "अहो, टेका की घटकाभर, खुर्चीला काय काटे आहेत?" बाबा म्हणायचे, "बसलो की पाय आखडतात, मग उठवत नाही." आई मला म्हणायची, "तुझ्या बापाचं लग्नही उभ्याउभ्याच झालंय, मंगलाष्टकं संपल्यावर मला वाटलं आता तरी बसतील, तर पाहुण्यांना पाणी द्यायला निघाले."

तर असा हा माणूस. आणि त्याचा बसलेला एकच फोटो जगात आहे. तो मी काढला.

माझ्या प्रवेशाच्या दिवशी बाबा मला सोडायला विद्यापीठात आले होते. या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून पुन्हा पहिल्या खिडकीवर, असं फिरता फिरता बाबांच्या चप्पलचा अंगठा तुटला. मग काय करतात, बसले. नाइलाज झाला म्हणून बसले. ग्रंथालयासमोर एक बाक आहे झाडाखाली, तिथे. तुटकी चप्पल हातात घेतली, तिच्याकडे बघितलं, आणि मग मान वर करून झाडाकडे बघत राहिले. अगदी निवांत. मी म्हटलं, हे काय आक्रीत, आणि पटकन फोन काढून टिपलं. म्हणाले, "आईला दाखवू नकोस, म्हणेल घरी नाही बसत आणि तिथे बरे बसले." मी नाही दाखवला.

आता तुम्ही म्हणाल, या फोटोचा आणि शिक्षणाचा काय संबंध. सांगते. आमच्याकडे एक प्रथा आहे. जागेचं चित्र काढायचं तर त्यात माणसं घालावी लागतात. नुसती झाडं, पायऱ्या, भिंती काढल्या तर बघणाऱ्याला कळत नाही की भिंत गुडघ्याएवढी आहे की गळ्याएवढी. शेजारी एक माणूस उभा केला की लगेच कळतं. आमचे स्टुडिओचे सर, त्यांना आम्ही मापवाले सर म्हणतो, ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते… त्यांचा आवाज असा नाकातून येतो, चष्मा कपाळावर, "हे बघा, माणसावर जीव लावू नका. त्याचा चेहरा, कपडे, भावना, मला काही नको. माणूस फक्त मापापुरता."

माणूस फक्त मापापुरता. वहीत लिहून घेतलं मी. खाली दोन रेघा मारल्या.

आणि ही माणसं कुठून आणायची? तर इंटरनेटवरून. आणि तिथली माणसं कशी? एक बाई कुत्र्यासह पळतेय, एक मुलगी फुगा घेऊन पळतेय, एक जण सायकलवरून हसत चाललाय, कशाला हसतोय देव जाणे. सगळे तरुण, सगळे खूश, सगळ्यांना कुठेतरी जायचंय. मी काढलेली जागा होती एका जुन्या वसाहतीतली, जिथे दुपारी म्हातारे लोक येऊन बसतील अशी. तिथे मी ती फुगेवाली मुलगी लावून बघितली. म्हातारे घाबरून उठून जातील अशी दिसत होती.

मग मला आठवला तो फोटो. बाबांना मी कडेनं कापलं. म्हणजे संगणकावर हो! मागचं ग्रंथालय काढलं, झाड काढलं, बाक काढलं. राहिले नुसते बाबा, हवेत बसलेले, हातात चप्पल. उचलले आणि माझ्या बाकावर आणून ठेवले. फाइलला नाव दिलं 'बाबा_फायनल'. मग केसांच्या कडा नीट केल्या, तेव्हा 'बाबा_फायनल_२'. मग चप्पलची सावली टाकली, तेव्हा 'बाबा_फायनल_खरंच_फायनल'. आमच्यात सगळे असंच नाव देतात, त्यात काही विशेष नाही.

फोनवर बाबांना सांगितलं, तर हसले. मोठ्यानं हसायचे नाहीत ते, नुसता श्वास सोडायचे. म्हणाले, "कुठे बसवलंस?"

म्हटलं, झाडाखाली.

"केवढं झाड?"

म्हटलं, मोठं. आमच्यात झाड लावल्या दिवशीचं काढत नाहीत बाबा, वीस वर्षांनी जेवढं होईल तेवढं काढतात. झाडं वीस वर्षांनंतरची आणि माणसं आजची.

ते म्हणाले, "म्हणजे वीस वर्षांनी मी तिथे बसलेला असणार."

"हो."

"चला, सोय झाली."

तेव्हापासून हा खेळच झाला. दर फोनला, जेवलीस का, झोपलीस का यानंतर ठरलेला प्रश्न, "मग, आज मला कुठे बसवलंस?" आज तळ्याकाठी. आज शाळेच्या भिंतीपाशी. "सावली आहे का?" हे लगेच पुढचं. उन्हातान्हात फिरणारा माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? आणि गंमत बघा, सावली काही केल्या पुरी पडायची नाही. सेक्शनमध्ये, म्हणजे जागा सुरीनं उभी कापली तर जशी दिसेल त्या चित्रात, आम्ही उन्हाची एक तिरपी रेघ काढतो, रेघेखाली सावली, वर ऊन. ती रेघ नेमकी बाबांच्या नाकावरून जायची. झाड सरकवलं, बाक सरकवलं, फांदी वाढवली. तरी डोकं उन्हात. फोनवर म्हटलं, डोकं जरा उन्हात येतंय बाबा. म्हणाले, "असू दे. सवय आहे."

आणि एक भानगड होती. बाबांचे पाय जमिनीत घुसत होते. घोट्यापर्यंत. आता पाय जमिनीत घुसले तर माणूस काय करेल? बाबांना लहान करेल? मी बाक उचललं. चार बोटं वर घेतलं, पाय बरोबर टेकले. बाबांना कोण कमी करणार हो?

पुढचं आता भराभर सांगते, तिथे मला थांबायचं नाहीये.

तिसऱ्या सत्रात एके दिवशी दुपारी बाबा एका इमारतीत मीटर वाचायला गेले. वरच्या मजल्यावर. जिन्यात बसले. तिथल्या एका बाईंनी बघितलं, त्यांना वाटलं दमले असतील, त्यांनी पाणी आणलं. मग बाबांच्या फोनवरून त्यांनी आईला फोन केला. फार चांगल्या बाई, घाबरवायचं नाही म्हणून शांतपणे म्हणाल्या, "काही नाही हो, तुमचे मिस्टर आमच्या जिन्यात जरा बसलेत."

आई म्हणाली, "बसलेत?"

एवढंच. पुढचं तिला कुणी सांगावं लागलं नाही. चप्पल घातली नाही, दार ओढलं नाही, तशीच निघाली. ती म्हणते, त्या बाई पडलेत म्हणाल्या असत्या तर मला आशा वाटली असती.

…असो.

मी पुन्हा स्टुडिओत आले तेव्हा सगळे माझ्याशी फार हळू बोलत होते, आणि हळू बोललं की मी जास्त दचकते. मापवाले सरसुद्धा आले. चष्मा कपाळावरून खाली घेतला, तो त्यांनी कधी घेतलेला मी पाहिला नव्हता, आणि म्हणाले, "कामात राहा." मग जाता जाता माझ्या पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ही माणसं जरा पारदर्शक करा. चाळीस टक्के. मागची झाडं दिसली पाहिजेत." त्यांची काही चूक नाही हो! सगळ्यांना तेच सांगतात. त्यांना काय माहीत त्या बाकावर कोण आहे? माणूस फक्त मापापुरता. मी केलं. ती एक सरकपट्टी असते, ती मागे ओढायची. ओढली… आणि बाबांच्या शर्टातून मागचं कुंपण दिसायला लागलं. मग चेहऱ्यातून पानं. मी दचकले. म्हणजे, मीच ओढत होते ना पट्टी, मला माहीत होतं काय होणार आहे. तरी दचकले.

आता ऐका, खरी गंमत पुढे आहे.

आमच्या वर्गाचं एक सगळ्यांचं मिळून फोल्डर आहे, त्याचं नाव 'माणसं'. कुणाला चांगला माणूस सापडला की तिथे टाकायचा, बाकीच्यांनी वापरायचा. माझ्या रूममेटला केव्हातरी वयस्क माणूस हवा होता, तेव्हा मी बाबा दिले होते, आणि तिनं ते भोळेपणानं 'माणसं'मध्ये टाकले होते. आणि तिथे ते एवढे लोकप्रिय होतील हे कुणाला माहीत! बाकीचे सगळे पळणारे, हसणारे, फुगेवाले. शांत बसणारा हा एकटा. अख्ख्या वर्गानं उचलला. फाइलवर 'बाबा' लिहिलंय, तर त्यांना वाटलं, असेल कुणी बाबा, म्हातारबाबा.

हे मला कधी कळलं? शेवटच्या ज्युरीच्या सकाळी. शीट टांगलेल्या होत्या, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मी पिना टोचत सहज मान वळवली. दवाखान्याची बाग, बाबा. पुढची शीट नदीकाठ, बाबा, पण उलटे, आरशातल्यासारखे, चप्पल डाव्या हातात. पुढे बसथांबा, बाबा, आणि त्या पोरानं चप्पल पुसून हातात कॉफीचा मग दिलेला. बाबा जन्मात कॉफी प्यायले नाहीत! पुढच्या मुलीनं नुसती काळी आकृती केलेली, चेहरा नाही, काही नाही, पण मान वर करायची पद्धत मी ओळखणार नाही का? आणि गच्चीवरच्या बागेत एकानं दोन बाबा समोरासमोर बसवले होते. एकमेकांशी बोलत. दोघांच्याही हातात चप्पल. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. मला राहून राहून एकच वाटत होतं, हे दोघं काय बोलत असतील? एक म्हणत असेल, सावली आहे का. दुसरा म्हणत असेल, डोकं जरा उन्हात येतंय.

मी काही बोलले नाही कुणाला. काय बोलणार? माझे बाबा परत करा?

आणि मग परीक्षक बाई आल्या. बाहेरच्या. बुटक्या, टोकदार नाकाच्या, पर्समध्ये स्वतःची मोजपट्टी घेऊन फिरणाऱ्या. पहिल्या शीटपाशी गप्प, दुसरीपाशी गप्प, तिसरीपाशी मागे वळून बघितलं, चौथीपाशी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "या माणसाला घरदार नाही का? सगळीकडे हाच बसलाय."

वर्ग हसला. मीही हसले. खरंच हसले, म्हणजे बघा.

मग माझ्या शीटपाशी आल्या. "हे गृहस्थ इथे काय करतायत?" ते मी मघाशी सांगितलंच. मग पर्समधून मोजपट्टी काढली, बाबांच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत लावली, मग बाकाला लावली, मग तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या आणि विचारलं, "हा उठून उभा राहिला तर केवढा होईल?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ते उठणार नाहीत."

बाईंना वाटलं मी उर्मट आहे. मला आजवर कुणी उर्मट म्हटलेलं नाही हो, मी रिक्षावाल्यालाही माफ करा म्हणून थांबवते! पण बाई काही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बसलेला असला तरी माणसाला उंची असते. हा सहा फूट आहे. आणि याच्या पायांसाठी तुम्ही बाक उचललंय." मग त्या मागे गेल्या, एकेक शीट मोजत. दवाखाना, उंच. नदीकाठ, उंच. बसथांबा, उंच. सगळ्यांचे पाय जमिनीत घुसत होते ना, सगळ्यांनी माझ्यासारखंच केलेलं! कुणीही माणसाला हात लावला नाही, सगळ्यांनी बाकं उचलली. "तुमच्या अख्ख्या वर्गाच्या बाकांवर मी बसले तर माझे पाय लोंबकळतील," बाई म्हणाल्या. "एका माणसापायी सगळी बाकं चुकलीत. प्रदर्शनाच्या आधी माणूस दुरुस्त करा, मग निकाल." मापवाले सर भिंतीकडे बघत होते. त्यांचं तर आयुष्यच माप.

बाई गेल्या. आणि मग सुरू झालं. हा माणूस 'माणसं'मध्ये कुणी टाकला? रूममेट म्हणाली, मी. कुणाकडून घेतलास? ती माझ्याकडे बघायला लागली. तिला एकटीला माहीत होतं. एक जण म्हणाला, "सोड ना, दुसरा माणूस टाकू. हा काढून टाकला की झालं."

"माझे बाबा आहेत ते," मी म्हटलं.

ते गेलेत हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते म्हणजे हेच, हे नव्हतं माहीत. कॉफीच्या मगवाला खाली बघत म्हणाला, "मी… चप्पल परत देतो." आणि तो दोन बाबा बसवणारा, तो बिचारा अगदी रडकुंडीला येऊन माझ्याजवळ आला, "यातला एक काढू का? पण कुठला काढू?"

म्हटलं, राहू दे दोघांना. बोलतायत.

काढायचे नाहीत, एवढं ठरलं. पण लहान करायचे. आणि इथे मी अडून बसले. म्हटलं, बाईंचं चुकलंय, बाबा सहा फूटच आहेत. होते. मला माहीत नाही का? दाराच्या चौकटीत उभे राहिले की पलीकडचं काही दिसायचं नाही. मला खांद्यावर घेतलं की मी छताच्या पंख्याला घाबरायचे. सहा फुटांच्या खाली असा माणूस असतो का? रूममेट म्हणाली, "एकदा आईंना विचार." मी म्हटलं, विचारते, आईच सांगेल.

फोन लावला. आई, बाबांची उंची किती होती?

"पाच फूट चार इंच. का गं?"

"सहा नव्हती?"

आणि आई हसली हो. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. "सहा? अगं, माझ्याएवढेच होते. माळ्यावरचा डबा काढायला शेजारच्यांना हाक मारायचे. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरनं पायाखाली दोन विटा दिल्यात, फोटो कमरेपासून वर आहे तो उगाच नाही." हसता हसता थांबली, आणि मग म्हणाली, "तू लहान होतीस. तुला मोठे दिसायचे."

मी फोन ठेवला. संगणकापुढे बसले. बाबांवर क्लिक केलं. कोपऱ्यात एक ठिपका येतो, तो धरून आत ढकलायचा, माणूस सगळीकडून सारखा लहान होतो. पोरं मागे उभी होती, कुणी घाई केली नाही. मी धरला ठिपका आणि ढकलला. खिसा लहान झाला. चप्पल लहान झाली. पाय जमिनीवरून सुटले, मग मी बाक खाली घेतलं, जिथे असायला हवं तिथे. बाबा अलगद बसले. मला वाटलं होतं केविलवाणे दिसतील… आणि मग माझं लक्ष त्या तिरप्या रेघेकडे गेलं. रेघ बाबांच्या डोक्यावरून गेली होती. पूर्ण वरून. डोकं, खांदे, चप्पल, सगळे बाबा सावलीत. इतके दिवस मी झाड सरकवत होते, फांद्या वाढवत होते! झाड पुरेसंच होतं हो. हात आपोआप फोनकडे गेला… म्हणजे सवय. सांगायची सवय. मग खाली ठेवला.

प्रदर्शनाला आई आली. तिला मी काही सांगितलं नव्हतं, धीरच झाला नाही. मी दारातच तिचा हात धरला, म्हटलं, आई, आत बाबा आहेत. किती जागी आहेत ते विचारू नकोस. ती आत गेली. पहिल्या शीटपुढे उभी राहिली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मला वाटलं आता ही खाली बसते की काय. 'बसलेत' या शब्दानं तिचं काय झालं होतं ते मी ऐकलंय. काळ्या आकृतीपुढे ती जरा जास्त थांबली, आणि तिथेही ओळखलं. गच्चीवरच्या दोघांपुढे गेली तेव्हा तोंडाला पदर लावला, हसत होती की काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. भिंत संपल्यावर माझ्याकडे वळली. "घरात एक खुर्ची गरम केली नाही या माणसानं," ती म्हणाली, "आणि इथे एक बाक सोडलं नाही."

मग परत माझ्या शीटपाशी गेली, पर्स पोटाशी धरून. हळूच म्हणाली, "बसू देत."

निकाल लागला. पास झाले. शेऱ्यात बाईंनी लिहिलंय, 'माप आता योग्य'. माझं सामान भरून झालंय, स्टुडिओतलं टेबल रिकामं केलंय. मी सुटले. बाबा नाही सुटले! 'माणसं' फोल्डर पुढच्या वर्गाकडे गेलंय ना. काल एक ज्युनियर मुलगी मागून येऊन "ताई" म्हणाली, मी दचकले, हातातला पेला सांडला, ते सोडा. म्हणाली, "ताई, ते चप्पलवाले बाबा फार छान आहेत, पण मला जिन्याच्या कडेला माणूस हवाय. त्यांचा उभा फोटो नाही का?"

म्हटलं, "नाही गं. उभे होते तेव्हा कधी थांबलेच नाहीत."

"बरं, मग बसलेलेच घेते," ती म्हणाली. "तसंही, माणूस फक्त मापापुरताच तर लागतो."

"हो," म्हटलं. "पाच फूट चार इंच. आणि जिन्यात नको, झाडाखाली बसव."